डावखुरं स्थळ

रविवारी सकाळी सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या माझ्या फ्लॅटमध्ये पोहे आणि बंदूक हे दोन विषय एकदमच निघायचे. पोहे मी करायचे आणि बंदूक फोनवरून यायची. माझा धाकटा भाऊ तेव्हा न्यूझीलंडमध्ये एका दुधाच्या कारखान्यात शीतगृहाची यंत्रं सांभाळायचा. तिथले त्याचे सोबती सुट्टी मिळाली की डोंगरात ससे, रानबोकड, हरणं मारायला जायचे. दोन-चारदा तो त्यांच्याबरोबर गेला आणि त्याला त्याचं वेडच लागलं. रीतसर परीक्षा देऊन त्यानं परवाना काढला आणि एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मला ओलांडून थेट बाबांना विचारलं, "बाबा, पहिलीच रायफल घ्यायचीय. स्वस्तातली, पण बरी. कुठली घेऊ?"

बाबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आई गेल्यानंतर मी त्यांना सिंगापूरला आणलं होतं आणि तेव्हापासून ते माझ्या घरात पाहुण्यासारखे वावरत होते. चहा मागायलाही संकोचायचे. त्या सकाळी मात्र त्यांनी खुर्ची पुढे ओढली, फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि विचारलं, "मारायचं काय आहे ते आधी सांग."

मला इतका आनंद झाला की कढईतले उरलेले पोहे करपले ते कळलंच नाही.

बाबा कोकणातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. पण आमच्या आंबा-काजूच्या बागेत रानडुकरं शिरायची, म्हणून आजोबांच्या वेळेपासून घरात पीकसंरक्षणाच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. दारू भरायची, गजानं ठासायची आणि मग बार काढायचा. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुकराचं सगळं खानदान पलीकडच्या गावात पोचायचं. तरी बाबांचा त्या बंदुकीवर जीव होता. निवडणूक आली की गावातल्या सगळ्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. आमचीही जायची. मग निकाल लागेपर्यंत बाबा काही ना काही निमित्त काढून ठाण्यावरून चक्कर मारायचे आणि हवालदाराला विचारायचे, "आमची बरी आहे ना?" आई म्हणायची, "माहेरी गेले तरी माझी एवढी चौकशी होत नाही."

सिंगापूरला यायच्या आधी त्यांनी परवाना परत केला आणि बंदूक कायमची जमा करून टाकली. त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आणि आता भाऊ सांगत होता की त्याच्या तिथे परवानाधारक शेजारी बसलेला असेल तर बिनपरवान्याच्या माणसालाही रायफल चालवता येते. बाबांनी हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"म्हणजे तू शेजारी असलास तर मी बार काढू शकतो?"

"हो बाबा."

"मग डिसेंबरात आम्ही येतो. एकच बार काढीन. मग मी मोकळा."

त्या दिवसापासून बाबांना दुसरं काही नको होतं. सकाळी उठून स्वतः चहा करू लागले, बाजारातून मासे आणू लागले, खालच्या मजल्यावरच्या चिनी आजोबांशी हातवारे करून गप्पा मारू लागले. एका न घेतलेल्या बंदुकीनं माझे वडील मला परत दिले होते, आणि बंदुकीतलं मला काडीचंही कळत नसूनही मी तिच्या बाजूनं होते.

अडचण एकच होती. सिंगापुरात बंदुकीचे कायदे इतके कडक की हा विषय चारचौघांत बोलायची सोय नाही. बाबांचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायला तयार झालेला, आणि रायफल हा शब्द मराठीत आणि इंग्रजीत सारखाच. पहिल्याच आठवड्यात हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, थाळी घेऊन बसताना ते खणखणीत म्हणाले, "अगं, रायफल हलकी असली तर धक्का जास्त बसतो," आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा चमचा हवेतच थांबला. घरी आल्यावर मी त्यांना झापलं. बाहेर हा शब्द काढायचा नाही म्हणजे नाही. "मग काय म्हणू?" त्यांनी विचारलं. मी वैतागून म्हटलं, "काहीही म्हणा. स्थळ म्हणा!"

बाबांना हे फारच आवडलं. तेव्हापासून आमच्या घरात स्थळं पाहायला सुरुवात झाली.

भावानं पहिल्यांदा तीन स्थळांचे फोटो पाठवले. तिन्ही काळी, तिन्हींचा दस्ता प्लास्टिकचा. बाबांनी फोटो बोटांनी मोठे करकरून पाहिले आणि म्हणाले, "हा दस्ता आहे की बादली?" भावानं समजावलं की स्वस्तातल्या सगळ्या अशाच येतात, लाकडाचा दस्ता पावसात फुगतो, प्लास्टिक कशालाच दाद देत नाही. बाबांना पटलं, पण चेहऱ्यावरची नापसंती गेली नाही. मुलगी गुणी आहे पण रंगाला जरा डावी, असं म्हणणाऱ्या जुन्या बायकांसारखा तो चेहरा होता.

मग काडतुसाची चर्चा. मोठ्या मापाचं घ्यावं की मधल्या. भावाच्या सोबत्यांनी त्याला डोंगराएवढं हरीण पाडणारं मोठं माप सुचवलं होतं. बाबा म्हणाले, "तू आधी ससा पाडून दाखव." नवशिक्याला मोठा धक्का बसला की तो पुढच्या वेळी बार काढायच्या आधीच डोळे मिटतो आणि ती खोड मग जन्मभर जात नाही, असं त्यांचं म्हणणं. "आणि तुझ्या गावातल्या दुकानात कुठलं काडतूस बारा महिने मिळतं ते विचार. बंदूक एकदाच घ्यायची असते. काडतुसं सारखी लागतात." भाऊ विचारून आला. मधलं माप सगळीकडे मिळत होतं. ठरलं.

दुर्बिणीवरून तर वादच झाला. दुकानदार रायफलीबरोबरच एक दुर्बीण बसवून देत होता, दोन्ही मिळून स्वस्तात. भाऊ खूश. बाबा म्हणाले, "बंदूक स्वस्तातली चालेल, दुर्बीण नको. डोळाच खोटा असेल तर नळी सोन्याची असून काय उपयोग?" मग नुसती रायफल घेऊन दुर्बीण वेगळी, जरा बरी घ्यायची असं ठरलं. बाबा हिशेबाला पक्के मास्तर, पण मुलाच्या खर्चाबद्दल त्या दिवशी चकार शब्द बोलले नाहीत.

सगळ्यात मजा आली ती भाऊ दुकानात गेला त्या शनिवारी. या रायफलींना बोल्ट असतो. दाराच्या कडीसारखी एक दांडी. ती वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलून खाली पाडायची, की नवं काडतूस नळीत बसतं. बाबांनी भावाला फोन त्या दांडीजवळ धरायला लावला आणि इकडे सोफ्यावर डोळे मिटून, फोन कानाला लावून बसले.

"ओढ."

खट, खटाक.

"दुसरी घे."

खट, खर्र, खटाक.

"ही नको. हिच्या घशात काहीतरी आहे. तिसरी."

तिकडचा दुकानदार पोट धरून हसत होता, ते मला ऐकू येत होतं. पण त्यानंच नंतर भावाला सांगितलं म्हणे, की म्हातारा बरोबर बोलतोय. मग बाबांनी मापही घ्यायला लावलं. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं आणि बोट चापापर्यंत आरामात पोचतंय का पाहायचं. चापावर बोट ठेवायच्या आधी पलीकडे काय उभं आहे ते बघायचं, हे मास्तरी थाटात तीनदा सांगून झालं. मला त्या शनिवारांची आणि रविवारांची अजून फार आठवण येते. आई असताना आमच्या घरात सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. बाप-लेक एकमेकांशी सरळ, तासन्‌तास बोलताहेत हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

त्याच दिवसांत एकदा ऑफिसमधून लवकर घरी आले तर बाबा आमच्या मजल्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये छत्री खांद्याला लावून उभे. दांडा गालाशी, टोक समोरच्या ब्लॉककडे. शेजारच्या चिनी आँटी दारात उभ्या राहून कौतुकानं पाहत होत्या. मला म्हणाल्या, "अंकल एक्सरसाइझ आ? व्हेरी गुड लाह!" मी बाबांना हाताला धरून आत नेलं. छत्री डाव्या खांद्यावर होती हे मला दिसलं होतं, पण त्याचं काही वाटलं नाही. वाटायचं कारणच नव्हतं.

पुढच्या रविवारी भाऊ म्हणाला, "बाबा, ती तिसरीच घेतो. उद्या पैसे भरतो."

 बाबा म्हणाले, "त्यातच डाव्या हाताची मिळते का बघ."

डाव्या हाताची म्हणजे तीच रायफल, पण बोल्टची दांडी डाव्या बाजूला. डावखुऱ्या माणसासाठी. फोनवरचा भावाचा चेहरा एकदम निराळा झाला. इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. माझा भाऊ जन्माचा डावखुरा. पेन्सिल, चमचा, दगड, सगळं डाव्या हातात. आमच्या घरी आणि शाळेत, आणि शाळेतही मास्तर बाबाच, त्याची ती सवय मोडून काढली गेली. ताटातल्या भाताला डावा हात लागला की फटका. पाहुण्यानं खाऊ पुढे केला की मागून आवाज, "चांगल्या हातानं घे." आमच्याकडे उजव्या हाताला चांगला हातच म्हणतात, म्हणजे दुसरा कसला हे मुलाला आपोआप कळतं. तो उजव्या हातानं लिहायला, जेवायला शिकला. त्याचं अक्षर मात्र कधी सुधारलं नाही आणि त्यासाठी पुन्हा फटके.

"डाव्या हाताची?" भावानं विचारलं.

"हो. थांबावं लागलं तरी चालेल."

"बघतो बाबा," तो म्हणाला आणि त्यानं कॅमेऱ्यापासून तोंड फिरवलं. थोड्या वेळानं मला त्याचा मेसेज आला. "ताई, बाबांना आठवतंय. इतक्या वर्षांनी." मी किचनमध्ये ओट्याला टेकून रडले. बाबा सरळ माफी मागणारे नव्हेत. पण त्यांनी ही वाट काढली म्हणायची, असं आम्हा दोघांना वाटलं.

डाव्या हाताची रायफल स्वस्तातल्या कंपन्या फारशा बनवत नाहीत. त्या तीनमधल्या एकीचीच मिळत होती आणि तीही मागवून घ्यावी लागणार होती. भावानं ती मागवली.

बाबा त्या दिवसांत चहा कपाबाहेर ओतायचे, बाजाराची पायरी चुकायचे. मी चपलांना दोष दिला, मग मोतीबिंदू असेल म्हणून नोव्हेना भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बाबा खुशीत होते. भरल्या डब्यात मला म्हणाले, "डावखुरं स्थळ मिळायला वेळ लागणारच. पण एकदा घरात आलं की पोरगं सुखी होईल बघ."

समोर बसलेल्या एक बाई हसल्या आणि शुद्ध पुणेरीत म्हणाल्या, "अहो आजोबा, हल्ली डावखुऱ्या मुलीला कोण नावं ठेवतं! माझी भाचीच आहे डावखुरी. इंजिनियर आहे. मुलगा काय करतो तुमचा?"

बाबांनी मुलाची नोकरी, पगार, उंची सगळं खरं खरं सांगितलं. मी खिडकीकडे तोंड करून ओठ चावत होते. नोव्हेनाला उतरेपर्यंत त्या बाईंचा नंबर बाबांच्या खिशात होता, आणि फलाटावर आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

डॉक्टरांनी आधी उजवा डोळा झाकला. बाबांनी तक्त्यावरच्या बऱ्याच ओळी वाचल्या. मग त्यांनी डावा झाकला. अक्षर नाही, ओळ नाही. डॉक्टरांनी समोर बोटं धरली. बाबा म्हणाले, "दिवा लागलाय एवढं समजतंय." पुढच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला, तो परत येणार नाही. डाव्यातही सुरुवात झाली आहे, आतला दाब फार आहे, थेंबांनी उतरला नाही तर ऑपरेशन. केव्हापासून दिसत नाही, असं त्यांनी विचारलं. मी ते मराठीत बाबांना विचारलं.

"बरेच दिवस," बाबा म्हणाले.

परतीच्या गाडीत मला उलगडलं. बंदूक उजव्या खांद्याला लावली की नेम उजव्या डोळ्यानं धरावा लागतो. तो डोळा गेला तर बंदूक डाव्या खांद्यावर न्यायची, म्हणजे मग बोल्टही डाव्या हाताला हवा. मी हळूच विचारलं, "बाबा, ती डाव्या हाताची... डोळ्यामुळे मागवलीत?"

"मग? उजव्यानं नेम कसा धरणार? तुला सांगितलं असतं तर तू डिसेंबरचं जाणंच रद्द केलं असतंस. एकच बार काढायचाय गं मला."

"पण त्याला वाटतंय तुम्ही त्याच्यासाठी मागितलीत. त्याच्या हातासाठी."

बाबांना समजेना. "कुठल्या हातासाठी?"

  रात्रीच्या जेवणात भात कालवता कालवता ते अचानक थांबले आणि स्वतःच्या बोटांकडे पाहत म्हणाले, "मी मारायचो का गं त्याला? ताटावर?"

"हो."

"मला वाटायचं, तुझी आई."

"आईही. पण जास्त तुम्ही."

ते उठून हात धुऊन आले. पान तसंच राहिलं. मी त्यांना बजावलं, त्याला यातलं काही सांगू नका, तो इतका सुखावलाय, त्याला तसंच राहू द्या. डोळ्याचं मी सांगते, हाताचं राहू दे. मला तेव्हा ते अगदी बरोबर वाटत होतं. 

रविवारी रायफल आलेली होती. भावानं ती दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरली, बोल्ट उघडा, आत काडतूस नाही हे आधी दाखवून, अगदी बाबांच्या शिस्तीत. डोळ्याचं मी त्याला आदल्या दिवशी कळवलं होतं, त्यामुळे त्याचा चेहरा उतरलेला होता. तरी म्हणाला, "बाबा, अजून एकही बार काढला नाहीये. पहिला तुमचा."

"अरे," बाबा म्हणाले, "ही मी माझ्यासाठी मागितली होती. माझ्या डोळ्यासाठी. तुझा हात मला आठवलासुद्धा नव्हता."

मी कपाळावर हात मारला.  भावानं रायफल हळूच बाजूला ठेवली.

"म्हणजे माझ्यासाठी नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती. खोटं कशाला बोलू? ही बया म्हणते सांगू नका. पण तू मनात काहीतरी चांगलं धरून बसशील आणि ते मी केलेलंच नसेल, हे मला सहन होणार नाही. मी तुला मारलं तेवढं मात्र खरं आहे. ते चुकलं माझं." मग म्हणाले, "पहिला बार तू काढ. डाव्या खांद्यावरून काढ. माझी वाट बघू नकोस."

"तुम्ही आल्यावरच काढणार."

"अरे, काढ म्हणतो ना!"

आवाज तोच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. शेवटी भावानं होकाराची मान हलवली.

थेंबांनी दाब उतरला नाही. ऑपरेशन लांबवून चालणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि डिसेंबरची तिकिटं रद्द झाली. बाबा एवढंच म्हणाले, "राहिलं." त्यांच्याकडून तेवढंच ऐकणं मला फार जड गेलं. मग भाऊच रजा काढून इकडे आला. पहिल्या बाराचं रिकामं काडतूस बाबांना द्यावं असं त्याच्या फार मनात होतं, पण इथल्या कायद्याला तेही चालत नाही हे मी त्याला निघायच्या आधीच दटावून सांगितलं होतं. तो मोकळ्या हातानं आला.

बाबा सोफ्यावर बसले होते. ऑपरेशन झालेल्या डाव्या डोळ्यावर पट्टी आणि वर प्लास्टिकची वाटी, आणि उजव्याला तर दिवा लागलाय की नाही याच्यापलीकडे काही कळतच नव्हतं. दाराचा आवाज आला तसे ते सावरून बसले.

"आलास? काढलास का बार?"

"काढला."

"लागला?"

"पहिला चुकला. दुसरा लागला."

"डाव्या खांद्यावरून?"

"हो बाबा."

"दे हात."

भावानं सवयीनं उजवा हात पुढे केला. बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चाचपला, मग सोडून दिला आणि हवेत शोधत शोधत त्याचा दुसरा हात धरला.